लॅपटॉप-मोबाइल ऐन वेळी अडला तर: नवख्या विद्यार्थ्यासाठी पायरी-पायरीने

सबमिशनच्या रात्रीच लॅपटॉप अपडेट मागतो, फॉर्म भरायच्या शेवटच्या दिवशीच ओटीपी येत नाही, आणि प्रेझेंटेशनला उभं राहिलं की प्रोजेक्टर नुसता निळा पडदा दाखवत बसतो. यंत्रं मुद्दाम छळतात की काय, असं वाटायला लागतं. पण बहुतेक वेळा बिघाड त्या दिवशीचा नसतोच. अपडेट आठवडाभर रांगेत उभं होतं. स्टोरेज कधीचं भरत आलं होतं. पासवर्ड तुम्हाला नाही, फक्त ब्राउझरला पाठ होता. घाईच्या दिवशी आपण यंत्राकडे नेहमीपेक्षा जास्त मागतो आणि साचलेलं सगळं तेव्हाच वर येतं.

पहिल्यांदाच स्वतःचा लॅपटॉप आणि मोबाइल सांभाळणाऱ्यांसाठी हे लिहितोय. आत्ता काही अडलेलं असेल तर पहिल्या दोन पायऱ्या वाचा आणि थेट आपल्या अडचणीच्या भागावर जा. काही अडलेलं नसेल तर उत्तम. मग शेवटचे दोन भाग आधी वाचा, कारण खरं काम तिथे आहे.

पायरी १: हात थांबवा, संदेश वाचा

पडद्यावर चौकट आली की आपला हात आपोआप ‘ओके’वर जातो. मग कोणी विचारलं की सांगतो, “काहीतरी एरर आला होता.” ते ‘काहीतरी’च कामाचं असतं. चौकट बंद करायच्या आधी तिचा फोटो काढा. विंडोजवर विंडोज, शिफ्ट आणि एस ही बटणं एकत्र दाबली की पडद्याचा हवा तेवढा तुकडा टिपता येतो. मॅकवर कमांड, शिफ्ट आणि ४. तेही आठवत नसेल तर मोबाइलने सरळ पडद्याचा फोटो काढा, कोणी नावं ठेवत नाही.

संदेश सावकाश वाचला तर निम्म्या वेळा उत्तर त्यातच असतं. ‘फाइल टू लार्ज’ म्हणजे फाइल मोठी आहे, इंटरनेटचा दोष नाही. ‘सेशन एक्स्पायर्ड’ म्हणजे पान फार वेळ उघडं राहिलं, पुन्हा लॉगिन करा. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे फाइल जागेवर आहे, तुम्हाला आत जाऊ देत नाहीत. तिन्हींवर उपाय वेगळे, आणि तिन्हीं वेळा आपण एकच गोष्ट करतो: तेच बटण आणखी जोरात दाबतो.

यानंतर रीस्टार्ट. हा सल्ला ऐकून कंटाळा आला असेल, पण त्यातली एक मेख सहसा कोणी सांगत नाही. बऱ्याच विंडोज लॅपटॉपवर ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आधीपासून चालू असते. ती असली की ‘शट डाउन’ केल्यावर विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही. त्याची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. लॅपटॉप लवकर सुरू होतो खरा, पण आतला गुंता तसाच राहतो. ‘रीस्टार्ट’ मात्र सगळं नव्याने सुरू करतं. म्हणून “मी तर बंद करून चालू केला” हे पुरेसं नाही. मेनूतून ‘रीस्टार्ट’च निवडा. नुसतं झाकण मिटणं तर यात धरूच नका.

पायरी २: नेमकं कुठे अडलंय ते शोधा

अडचण पाचपैकी एका ठिकाणी असते: यंत्रात, नेटमध्ये, खात्यात, फाइलमध्ये, नाहीतर पलीकडच्या टोकाला म्हणजे वेबसाइटवर. कुठे आहे हे न कळताच लोक दुरुस्ती सुरू करतात. नेट गेलेलं असताना ब्राउझर पुन्हा इन्स्टॉल करतात आणि सर्व्हर बंद असताना स्वतःचा पासवर्ड बदलतात. मग मूळ अडचण सुटली तरी नवीन एक उभी असते.

तपासायला काही मिनिटं पुरतात. लॅपटॉपला मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून बघा; चाललं तर दोष वाय-फायचा. तेच पान ब्राउझरच्या इन्कॉग्निटो खिडकीत उघडा, म्हणजे जुनं लॉगिन लक्षात न ठेवणाऱ्या खासगी खिडकीत. तिथे चाललं तर जुनं लॉगिन, कुकी (साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली नोंद) किंवा एखादं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेलं छोटं ॲप) आडवं येतंय. तेच खातं दुसऱ्या यंत्रावर उघडा. तिथेही अडलं तर गडबड खात्यात आहे. मोठ्या फाइलऐवजी एका ओळीची फाइल चढवून बघा. ती गेली तर दोष तुमच्या फाइलचा. आणि वर्गातल्या एखाद्याला विचारा, “तुझ्याकडे उघडतंय का?” नाही म्हणाला तर तुमच्या हातात करण्यासारखं काही नाही. स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि थांबा.

एका वेळी एकच गोष्ट बदला. चार सेटिंग एकदम फिरवल्या आणि काम झालं, तर कशाने झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा चारही फिरवाव्या लागतात.

मदत मागतानाही हेच उपयोगी पडतं. “सर, पोर्टल चालत नाही” याला कोणीही उत्तर देऊ शकत नाही. “क्रोममध्ये लॉगिन होतं, पण ‘अपलोड’ दाबल्यावर हा संदेश येतो, हॉटस्पॉटवरही तेच, छोटी फाइल मात्र जाते” एवढं लिहून सोबत स्क्रीनशॉट जोडला की हेल्पडेस्कवरचा माणूस पहिल्याच उत्तरात उपाय सांगू शकतो.

सबमिशन जात नाही

सगळ्यात जास्त रडारड इथेच होते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आधी फाइलचा आकार. हाताने लिहिलेल्या पानांचे मोबाइल कॅमेऱ्याने साधे फोटो काढले तर एकेक फोटो सहज तीन-चार एमबीचा होतो. अशी वीस पानं एकत्र जोडली की पोर्टलची मर्यादा कधीच ओलांडलेली असते. फोटो काढू नका, स्कॅन करा. अँड्रॉइडवर गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये आणि आयफोनवर नोट्समध्ये स्कॅनची सोय असते. पानाच्या कडा कापल्या जातात, सावली जाते, आणि सगळी पानं एकाच पीडीएफमध्ये येतात. ती फाइल फोटोंपेक्षा कितीतरी हलकी होते आणि तपासणाऱ्याला मान तिरपी करून वाचावं लागत नाही.

दुसरी गोष्ट प्रकाराची. आयफोन २०१७ मधल्या आयओएस ११ पासून फोटो एचईआयसी या प्रकारात साठवतो. ते केबलने लॅपटॉपवर घेतले आणि तसेच चढवायला गेलं की बरीच पोर्टलं तोंड फिरवतात. सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, तिथे ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडा; पुढचे फोटो जेपीईजी होतील. मॅकवरच्या ‘पेजेस’ या लेखनाच्या ॲपमध्ये लिहिलेली फाइलही विंडोजवाल्याकडे सरळ उघडत नाही. कुठलाही लेखी मजकूर असो, शेवटी पीडीएफ करूनच द्या. नाव बदलून शेवटी ‘पीडीएफ’ लिहिलं म्हणजे पीडीएफ झाली असं मात्र नाही. ‘सेव्ह ॲज’ किंवा ‘एक्स्पोर्ट’मधूनच करावी लागते.

मराठीत लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट वेगळी बघायची. श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर त्या फाँटशिवाय उघडला की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते, कारण आतमध्ये खरोखर तीच अक्षरं साठवलेली असतात. फाँट फक्त त्यांना देवनागरी रूप देतो. यूनिकोडमध्ये टाइप केलं, म्हणजे मोबाइलच्या नेहमीच्या मराठी कीबोर्डवर किंवा संगणकाच्या इन्स्क्रिप्ट कीबोर्डवर, तर ही भानगड उरत नाही. कोणी जुन्या फाँटमधली फाइल पाठवली असेल तर ती आधी कन्व्हर्टरने यूनिकोडमध्ये आणा आणि मग जोडाक्षरं नजरेखालून घाला. रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास इकडच्या तिकडे होतात.

तिसरं, योग्य फाइल. वर्ड उघडी असताना त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची, पण सुरुवातीला नागमोडी रेघ आणि डॉलरचं चिन्ह असलेली एक चिमुकली फाइल तयार होते. एरवी ती लपलेली असते, पण लपलेल्या फाइली दाखवायची सेटिंग चालू असेल तर दिसते. तिच्यात तुमचा मजकूर नसतो. फाइल सध्या कोणी उघडली आहे एवढीच नोंद असते. घाईत तीच चढवली तर तपासणाऱ्याला काहीच दिसत नाही. डेस्कटॉपवरच्या शॉर्टकटचीही तीच गत. यावर उपाय एकच: चढवून झाल्यावर पोर्टलवरूनच ती फाइल परत उतरवा आणि उघडून बघा. माझ्या मते सबमिशनचा हा शेवटचा, सक्तीचा टप्पा आहे. लोक तो गाळतात आणि आठ दिवसांनी “मी तर दिली होती” म्हणत फिरतात.

लिंक द्यायची असेल तर ती इन्कॉग्निटो खिडकीत उघडून बघा. तुमच्या ब्राउझरमध्ये तुम्ही लॉगिन असता, त्यामुळे तुम्हाला ती नेहमीच उघडते. इन्कॉग्निटोमध्ये लॉगिनचं पान किंवा ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’ आलं, तर सगळ्यांना खुली नसलेली लिंक तुम्ही पाठवताय. बाहेरच्या माणसाला द्यायची असेल तर शेअरिंगमध्ये ‘लिंक असलेले कोणीही’ आणि ‘व्ह्यूअर’ निवडा. ‘एडिटर’ नको, नाहीतर तुमच्या प्रकल्पात कोणीही भर घालेल.

चौथं, ‘सबमिट’. मूडलसारख्या, कॉलेजं सबमिशनसाठी वापरतात त्या ऑनलाइन प्रणालीत शिक्षकांनी तशी सेटिंग ठेवली असेल तर फाइल चढवणं आणि सबमिट करणं ही दोन वेगळी कामं असतात. फाइल चढली, नाव दिसलं, तुम्ही झोपायला गेलात. स्थिती मात्र ‘ड्राफ्ट’च राहिली. ‘सबमिटेड फॉर ग्रेडिंग’ असं दिसेपर्यंत काम झालेलं नाही. ते दिसलं की त्या पानाचा स्क्रीनशॉट घ्या, वेळ दिसेल असा.

वेबसाइटवरच्या चौकटीत लांब उत्तर थेट टाइप करू नका. तिथे सेशन संपलं की मजकूर गेला. आधी नोटपॅडमध्ये किंवा डॉक्समध्ये लिहा आणि मग तिथे चिकटवा.

लिहिलेलं गेलं

वर्डमध्ये वर डाव्या कोपऱ्यात ‘ऑटोसेव्ह’ दिसतं. ते फाइल वनड्राइव्ह किंवा शेअरपॉइंटवर, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत असेल तरच चालतं. फाइल फक्त लॅपटॉपवर असेल तर ‘ऑटोरिकव्हर’ असतं, आणि ते मुळात दर १० मिनिटांनी नोंद ठेवतं. म्हणजे वाईटात वाईट दहा मिनिटांचं लिखाण जातं. सेटिंगमध्ये हा काळ कमी करता येतो. तो २ मिनिटांवर आणा.

फाइल सेव्ह न करताच बंद झाली असेल तर घाबरून नवीन लिहायला बसू नका. फाइल मेनूत ‘इन्फो’, तिथे ‘मॅनेज डॉक्युमेंट’, तिथे ‘रिकव्हर अनसेव्ह्ड डॉक्युमेंट्स’. बरेचदा तिथे मिळतं. गूगल डॉक्समध्ये ‘व्हर्जन हिस्टरी’ बघा. गटातल्या कोणी तुमचा भाग पुसला असेल तर कालचा मसुदा तिथून परत आणता येतो, आणि कोणी पुसला हेही दिसतं. भांडण मात्र सबमिशननंतर करा.

वाय-फाय जोडलेलं दिसतं, पण काहीच उघडत नाही

कॉलेजच्या, वसतिगृहाच्या किंवा लायब्ररीच्या वाय-फायमध्ये जोडल्यानंतर एक लॉगिनचं पान यावं लागतं. ते आलं नाही की सगळं ठप्प. कारण असं: ते नेटवर्क तुमची पहिली मागणी अडवून तिथे आपलं पान दाखवतं. हल्ली जवळजवळ सगळ्या साइट एचटीटीपीएस वापरतात, म्हणजे मधल्या कोणाला पान बदलता येऊ नये अशी सोय असते. मग लॉगिनचं पान दाखवायला नेटवर्कला वाटच मिळत नाही. अशा वेळी मुद्दाम साध्या एचटीटीपीवर चालणारी साइट उघडायची. ‘नेव्हरएसएसएल डॉट कॉम’ नेमकी याच कामासाठी आहे. ती उघडायला गेलात की लॉगिनचं पान पुढे येतं. तरीही आलं नाही तर व्हीपीएन (नेट दुसऱ्या सर्व्हरमार्फत फिरवणारं ॲप) बंद करा आणि अँड्रॉइडच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ हे ‘ऑटोमॅटिक’वर आणा.

दुसरी गोम: रोजचाच फोन जोडला तरी नेटवर्क कधीकधी त्याला ‘नवीन यंत्र’ म्हणून अडवतं. काही ठिकाणी प्रत्येकाला दोन-तीनच यंत्रं जोडायची मुभा असते आणि ती मॅक पत्त्यावरून, म्हणजे प्रत्येक यंत्राच्या वाय-फायच्या ओळख क्रमांकावरून ओळखली जातात (ॲपलच्या मॅकशी याचा संबंध नाही). अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन खासगीपणासाठी खऱ्याऐवजी बनावट मॅक पत्ता दाखवतात. नेटवर्क विसरून पुन्हा जोडलं किंवा सेटिंग बदलली तर तो पत्ता बदलू शकतो, आणि नेटवर्कच्या लेखी तुमचाच जुना फोन परका होतो. ज्या वाय-फायवर यंत्राची नोंदणी करावी लागते, फक्त त्यापुरती ही सेटिंग बंद ठेवा. बाकी सगळीकडे चालूच राहू द्या, ती चांगल्यासाठी आहे.

वाय-फायचे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे दिसत असतील तर राउटरच्या जवळ असताना ५ घ्या, दोन भिंती पलीकडे असाल तर २.४. ५ चा वेग जास्त, पण भिंतीतून तो लवकर मरतो. प्रत्येक साइट ‘सुरक्षित नाही’ म्हणून अडवत असेल तर लॅपटॉपची तारीख-वेळ तपासा. घड्याळ चुकलं की सुरक्षा प्रमाणपत्रं मुदतबाह्य वाटतात आणि ब्राउझर सगळ्यांनाच दारात उभं करतो.

जागा संपली

१२८ जीबीचा लॅपटॉप घेतला आणि आत ११९ च दिसतात, म्हणून फसवलं असं वाटून घेऊ नका. कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत. आकडा तिथे घटतो. त्यात प्रणाली स्वतःसाठी बरीच जागा घेते.

मोबाइलमध्ये जागा खाणारा पहिला संशयित म्हणजे व्हॉट्सॲप. सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज अँड डेटा’, तिथे ‘मॅनेज स्टोरेज’ उघडा. कोणत्या गटाने किती जागा अडवली ते उतरत्या क्रमाने दिसतं. मोठे व्हिडिओ तिथूनच काढा आणि आपोआप डाउनलोड बंद करा. वर्गाच्या गटावर तोच पीडीएफ सात जणांनी टाकलेला असतो, तो सात वेळा साठवायची गरज नाही.

गूगलच्या खात्यात मोफत १५ जीबी असतात, आणि ते जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज अशा तिघांत मिळून. १ जून २०२१ पासून फोटोजमध्ये नव्याने चढवलेले कमी दर्जाचे फोटोही त्यात धरले जातात. ही जागा पूर्ण भरली की मेल येणं आणि जाणं दोन्ही थांबतं. कॉलेजची सूचना ‘आलीच नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं. आणि ड्राइव्हमधून काढलेली फाइल ३० दिवस ट्रॅशमध्ये पडून जागा अडवत असते, तेव्हा ट्रॅशही रिकामा करा. करण्याआधी मात्र नजर टाका.

लॅपटॉप रांगतोय

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. मेमरीचा आकडा ९० टक्क्यांच्या वर असेल तर उघडे टॅब आणि ॲप कमी करा. मेमरी निवांत आणि डिस्क मात्र सतत १०० टक्के असेल, शिवाय लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवून घेणं हा एकमेव खरा उपाय. बाकी ‘क्लीनर’ नावाची ॲप घेऊ नका. बरीचशी स्वतःच ओझं होतात. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप ॲप्स’चा भाग आहे. तिथे जे सुरुवातीलाच नको ते बंद करा.

वापरलेला लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी: विंडोज १० चं नेहमीचं मोफत समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसरही त्यांच्या यादीतला लागतो. पैसे देण्याआधी हे दोन्ही तपासा.

ऑनलाइन तासाला आवाज डब्यातून येतो

ब्लूटूथ इअरफोनवर गाणी छान वाजतात आणि मीटिंग सुरू झाली की तोच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. इअरफोन खराब नाहीत. नेहमीच्या ब्लूटूथमध्ये ऐकण्यासाठी एक पद्धत असते आणि बोलण्यासह ऐकण्यासाठी दुसरी. इअरफोनचा माइक वापरात आला की दुसरी लागू होते आणि तिच्यात आवाजाचा दर्जा उतरतो. मीटिंगच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा आणि स्पीकर म्हणून इअरफोन निवडा. फरक तिथल्या तिथे कळेल.

आवाजच येत नसेल तर इअरफोन मोबाइलला चिकटले आहेत का बघा. खिशातल्या फोनचं ब्लूटूथ बंद करणं हा सगळ्यात जलद उपाय.

प्रोजेक्टर

विंडोज आणि पी एकत्र दाबा. चार पर्याय येतात, ‘डुप्लिकेट’ निवडा. तरी काही नाही तर केबल काढून पुन्हा घाला आणि प्रोजेक्टरवर कोणता इनपुट निवडलाय ते बघा. प्रेझेंटेशनची एक पीडीएफ प्रत पेन ड्राइव्हवर आणि एक मेलमध्ये ठेवा. दुसऱ्याच्या लॅपटॉपवर तुमचे फाँट नसतात आणि स्लाइडची मांडणी विस्कटते. पीडीएफ विस्कटत नाही. ॲनिमेशन जातं, जाऊ द्या.

ओटीपी आणि पासवर्ड

दोन टप्प्यांचं लॉगिन चालू ठेवाच. पण फोन हरवला, बुडाला किंवा नंबर बदलला की तुम्ही स्वतःच बाहेर राहता. म्हणून गूगलच्या खात्यात ‘सिक्युरिटी’मध्ये जाऊन बॅकअप कोड काढून ठेवा. आठ आकड्यांचे दहा कोड मिळतात, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर लिहा आणि फोनपासून लांब ठेवा. त्याच फोनच्या गॅलरीत स्क्रीनशॉट ठेवणं म्हणजे किल्ली कुलपाच्या आत ठेवणं.

नवा फोन आला की जुना लगेच रीसेट करू नका. ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉगिनचे कोड दाखवणारं ॲप, आधी नव्या फोनवर हलवा, दोन-चार खात्यांत प्रत्यक्ष लॉगिन करून बघा, आणि मग जुना पुसा. कॉलेजच्या खात्याला रिकव्हरीसाठी चालू असलेला नंबर आणि दुसरा ईमेल दिलेला आहे ना, तेही त्याच वेळी बघा.

बॅटरी आणि केबल

बॅटरीला उष्णता सगळ्यात जास्त मारते. ॲपलच्या माहितीनुसार ३५ अंश सेल्सिअसच्या वरचं तापमान बॅटरीची क्षमता कायमची कमी करू शकतं. उशीखाली फोन ठेवून चार्ज करणं, गादीवर लॅपटॉप ठेवून गेम खेळणं, हे सोडा. ‘८० टक्क्यांवर थांबा’ अशी सेटिंग असेल तर चालू करा, पण टक्केवारी बघत बसण्यात आयुष्य घालवू नका. बॅटरी झिजतेच.

टाइप-सी केबल दिसायला सगळ्या सारख्या, आतून नाहीत. काहींमधून नुसतं चार्जिंग होतं, डेटा जातच नाही. काहींचा डेटाचा वेग ४८० मेगाबिटवर अडतो. ६० वॉटच्या वर चार्जिंगसाठी केबलमध्ये एक वेगळी चिप लागते. लॅपटॉपबरोबर आलेल्या केबलला चिठ्ठी चिकटवा आणि ती रूममेटला देऊ नका. फोनची केबल सैल बसत असेल तर पोर्टमध्ये खिशातला कापूस साचलेला असतो. फोन बंद करून लाकडी काडीने हलकेच काढा. सुई नको.

निवांत दिवशी करायची कामं

सत्र सुरू झाल्याच्या पहिल्या रविवारी अर्धा दिवस काढा.

आधी अपडेट. विंडोज अपडेटमध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ असतात. त्या वेळेत लॅपटॉप आपणहून रीस्टार्ट होत नाही. तुमचा अभ्यास रात्री चालत असेल तर तसे तास घाला. परीक्षेच्या आठवड्याआधी सगळी अपडेट उरकून घ्या आणि मग ‘पॉझ’ करा. कायमची बंद करू नका.

मग बॅकअप. क्लाउडवर सिंक होतंय म्हणजे बॅकअप झाला असं समजतात, ते अर्धसत्य आहे. लॅपटॉपवर फाइल पुसली की सिंक इमानेइतबारे क्लाउडवरही पुसतं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या जागी, असा जुना नियम आहे. विद्यार्थ्यापुरतं त्याचं रूप सोपं: लॅपटॉपवर एक, क्लाउडवर एक, आणि एका बाहेरच्या डिस्कवर आठवड्यातून एकदा नक्कल करून ती डिस्क काढून ठेवायची. लावलेलीच ठेवली तर व्हायरस तिच्यावरही चढतो. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या साठवण पद्धतीची असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल तिच्यावर जात नाही, जागा कितीही रिकामी असो. तिला एक्सफॅट या नव्या पद्धतीत फॉरमॅट करा. फॉरमॅटने आतलं सगळं जातं, तेव्हा आधी रिकामी करून घ्या.

फाइलींची नावं. ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘खरंच फायनल’ यातून रात्री दोन वाजता योग्य फाइल सापडत नाही. विषय, काम आणि तारीख, एवढंच नाव द्या. तारीख वर्षापासून सुरू केलीत तर फाइली आपोआप क्रमाने लागतात.

कोर्स संपताना

हे कोणी सांगत नाही म्हणून इथे सांगतो. कॉलेजने दिलेलं ईमेल खातं कॉलेजच्या मालकीचं असतं. बऱ्याच संस्था शिक्षण संपल्यावर ते बंद करतात, आणि त्याच्या ड्राइव्हमधल्या फाइली, त्यावरून भरलेले फॉर्म, त्या पत्त्याने उघडलेली इतर खाती, सगळं बरोबर जातं. गटाचा प्रकल्प तुमच्या कॉलेज खात्यात असेल तर बाकीच्यांकडूनही जातो.

शेवटच्या सत्राच्या सुरुवातीलाच नियम विचारून घ्या. मग इंटर्नशिप, नोकरी, बँक, परीक्षा अशा जिथे-जिथे कॉलेजचा पत्ता दिलाय तिथे स्वतःचा द्या. फाइलींसाठी ‘गूगल टेकआउट’ वापरा, म्हणजे गूगल खात्यातलं सगळं एकदम उतरवून घ्यायची सोय. संस्थेने ते बंद ठेवलं असेल तर हाताने उतरवा. टेकआउटची तयार फाइल बनायला काही तास, कधी दिवसही लागतात. ती झाली की मेलने लिंक येते आणि ती साधारण आठवडाभरच चालते. लिंक आली की त्याच दिवशी उतरवा, झिप सोडवून दोन-चार फाइली उघडून बघा, आणि बाहेरच्या डिस्कवर त्याची एक नक्कल टाका.